विधान चौदा

मूळ प्रश्नावली कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठातली.
तिथल्या मुलांच्या पोटात म्हणे फुलपाखरं उडतात
परकी भाषा बोलायची पाळी आली की.
अखलकलाकीत, फेब्रुवारीत,
शेगडीत गोवऱ्या धुमसताना
मी फुलपाखरू आणू कुठून?

आमच्या आर्मेनियनमध्ये भीतीनं पित्त फाटतं.
तसा शब्दच आहे, आजही चालणारा.
मी तो लिहिला.
मूळ कागद न पाहिलेल्या रूझाननं
तो उलट फिरवून पाठवला:
‘माझं पित्ताशय फुटलं आहे.’
तिबिलिसीहून नातेलीबाईंचा फोन,
अगं, हा तर आजार झाला,
आपल्याला हवीय साधी, वर्गातली, मोजता येणारी भीती.
मग लिहिलं, ‘छातीत धडधडतं.’
उकडलेल्या बटाट्यासारखं वाक्य,
कुणालाही बाधणार नाही.

पहिली चाचणी वार्सेनिकवर.
वय बावन्न, दवाखान्यात परिचारिका,
संध्याकाळी शाळेच्या बाकावर गुडघे दुमडून
जॉर्जियन शिकणारी.
म्हटलं, मोठ्यानं विचार करत उत्तर द्या,
इथे बरोबर-चूक काही नसतं.
‘मग पेन्सिलीला एवढं टोक कशाला काढलंस?’

‘इतर जण माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.’
‘कोण इतर? आम्ही चौघी आहोत,
चौघींचीही बोबडी वळते.’

‘चूक झाली तरी मी निर्धास्त असते.’
‘चूक झाली हे कळलं तर ना.’

‘शिक्षकांनी अचानक विचारलं की छातीत धडधडतं.’
ती थांबली.
तीन आणि चार यांच्यामधल्या कोऱ्या जागेत
तिनं बारीक फुली मारली.
नियमात बसत नाही, मी म्हणाले नाही.

‘शिक्षकांची कसली भीती, पोर आहे ते, लाजतं.
पण त्या वर्षी तिबिलिसीच्या इस्पितळात
यांना आत नेलं, आणि डॉक्टर मला विचारत राहिला,
साद स्तकीवा? साद?
दुखणं हा शब्द मला येत होता.
मी मान हलवत राहिले, हो, दुखतंय, हो.
तेवढा एक साद,
कुठे,
तो काही माझ्यापर्यंत पोचला नाही.
जन्मभर दुसऱ्यांना हेच विचारत आले गं मी,
आपल्या भाषेत.’

त्या रात्री मी एक विधान वाढवलं. चौदावं.
‘माझ्या माणसाबद्दल कुणी विचारलं
की येणारे शब्दही जातात.’
रूझाननं ते उलट फिरवलं, न डगमगता,
शब्दाला शब्द तसाच परत आला.
इतकं सरळ भाषांतर
अख्ख्या प्रश्नावलीत दुसरं नव्हतं.

एप्रिलअखेर एकशे बारा कागद जमले.
संगणक म्हणाला, चौदावं कुणाशी बोलत नाही,
बाकीची विधानं एकमेकींचे हात धरून,
हे एकटं भिंतीशी.
काढलं तर अल्फा वर जातो,
पॉइंट सात नऊवरून पॉइंट आठ चारवर.
‘गाळूया,’ नातेलीबाई हळू आवाजात म्हणाल्या,
‘ते खोटं नाही. ते दुसरंच काही मोजतंय.’
त्यांचं बरोबर होतं.
फूटपट्टीनं ताप बघू नये, एवढं मलाही कळतं.
मी ओळ खोडली, पंधराला चौदा केलं,
आणि तक्ता असा नीट दिसायला लागला
की मला जेवण गेलं नाही.

मे महिन्यात औषधांच्या दुकानात
रांगेत माझ्यापुढे वार्सेनिक.
काउंटरवर नवी मुलगी, तिबिलिसीची,
आर्मेनियनचा गंध नाही.
वार्सेनिक जॉर्जियनमध्ये बोलली.
विभक्ती चुकली, क्रियापद अर्ध्यात लटकलं,
एका जागी तिनं चक्क खांद्यावर बोट ठेवलं.
मुलीनं ऐकलं, फळीकडे वळली,
मलमाची नळी पुढे सरकवली.

सुटे पैसे मोजता मोजता वार्सेनिकनं
मागे न बघताच मला विचारलं,
‘आता कितीवर फुली मारू?’