भिंतीच्या दोन हात पलीकडे

परळला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे
आमची खोली. काळा पडदा, एक खुर्ची,
हनुवटी टेकायची पट्टी.
बाहेर पुलाचं काम. दर चौथ्या सेकंदाला
जमिनीत खांब ठोकल्याचा धक्का
खुर्चीच्या पायांतून वर चढतो.

आज कुमुदिनी पागधरे. वय बासष्ट.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं, मग स्वेच्छानिवृत्ती.
मी त्यांच्या केसांत जागोजाग भांग पाडत
बत्तीस ठिकाणी थंड पेस्ट भरते.
"शेवटचं असं कोणी डोकं विंचरलं माझं..."
आणि वाक्य तिथंच सोडून देतात.

काम तसं सोपं.
चार अक्षरं येतात, लगेच पुसली जातात.
डोळे उघडेच ठेवायचे,
अक्षरं मनात फिरवून शब्द लावायचा.
त ब र स.

आता बघा. मी रोज बघते, तरीही बघते.
डोक्याच्या मागच्या तारांत लाट उठते,
सेकंदाला दहा, संथ, भरदार,
दुकानाचं शटर आतून ओढून घ्यावं तशी.
पूर्वी म्हणे हिला आळसाची लाट समजत.
कॅमेरा सांगतो, बाहुल्या फुगल्यात.
नजरेची बारीक थरथर असते ना, ती मंदावली.
पापण्या जास्त वेळा मिटतात,
आणि मिटल्या की जरा रेंगाळतात.
दोन डोळ्यांच्या दोन रेषा, ज्या पडद्यावर भेटायच्या,
सैल होऊन भेटतात
भिंतीच्या दोन हात पलीकडे.

तिथं काय आहे ते मला माहीत आहे.
फायलींचं कपाट, आणि एक बंद पडलेला कूलर.
पागधरेबाई ते बघत नाहीत.

"शून्यात काय बघतेस गं?"
हे मी पहिली ते सातवी रोज ऐकलं.
ढोमसेबाई खडू मारायच्या. नेम चांगला होता.
मी शून्यात नव्हते, बाई.
जिन्याखालच्या पिल्लांची नावं ठरवत होते,
पाचव्याचं अडलं होतं.
तेव्हा सांगता आलं नाही.
आता कागदावर पुरावा काढून देता येईल,
तर बाई नाहीत.

"सरबत."
एकतीस सेकंदांनी. वीसच्या पुढचं नियमानं बाद.
"कळलं होतं हो मला लगेच.
पण मग कोकमाचं की लिंबाचं, ते ठरेना.
ह्यांना कोकम चालायचं नाही.
रात्रपाळीहून आले की आधी ग्लास, मग चपला काढायच्या."
मी मान डोलावते. पुढची चार अक्षरं सोडते.

बेसिनवर डोकं धुताना पेस्ट कानामागे ओघळते.
मी टॉवेल धरून उभी.
"बऱ्याच चुकल्या ना माझ्या?"
एकच, मी म्हणते.
"आणि पुलाचं काम आज बंद होतं वाटतं?
मघाशी अगदी शांत होतं."

संध्याकाळी नोंदी साफ करायच्या.
आधी पापण्या. डोळा मिटला
की मेंदूच्या रेघेवर डोंगर उभा राहतो,
तो कचरा, तो पहिला काढायचा.
मग बाद झालेले तुकडे.
एकोणिसावा बोटाखाली येतो.
ह्यात शब्द सापडल्यावर लाट उतरायला हवी,
ती चढतच गेलीय.
चोविसाव्या सेकंदाला एक पापणी, लांब,
कोणी ग्लास रिकामा करून परत देईपर्यंतची.

काढला. काढावाच लागतो.
शेजारच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलं,
एकोणीस: कोकम नको.
मग किती वेळ पेन्सिल तशीच हातात होती
कोण जाणे. वॉचमन दार वाजवून गेला म्हणे दोनदा.