तिसऱ्या पाळीचा सोलो

मी बेस वाजवतो. म्हणजे पोस्टरवर
माझा फोटो कडेला, अर्धा कापलेला असतो.
मधोमध दत्तू येमूल, केस कमरेपर्यंत,
गळ्यात साखळी, साखळीला वडिलांच्या मागाचा धोटा.
बँडचं नाव भोंगा. मिलचे भोंगे थांबले
तेव्हा आम्ही शाळेत होतो;
कुणीतरी ओरडायला हवंच होतं.

वीस वर्षांत माझ्या डाव्या हाताला
तीन जण उभे राहिले.

पहिला इरेश हत्तुरे. हा इतका सावकाश वाजवायचा
की लोकांना वाटायचं, येत नाही याला.
एकच सूर घ्यायचा आणि कडेकडेनं थापत न्यायचा,
भाकरी आता फाटते, आता फाटते,
तरी हात काढायचा नाही.
त्या काळी दत्तू किंचाळण्याआधी वाट बघायचा.

मग इम्तियाज नदाफ.
याचे आजोबा विजापूर वेशीत गाद्या पिंजायचे.
धुनकीच्या तातीचा तो टण्ण नातवाच्या मनगटात उतरलेला.
सूर मोजायला बसलात की संपलात:
एका मात्रेत सहा, आठ, एकदा अकरा,
आणि तंतू तंतू सुटा, दिव्यात उडताना दिसणारा.
मला घरी गेल्यावरही नाकात कापूस गेल्यासारखं वाटायचं.
दत्तूचा गळा त्याच्या मागे वर वर गेला,
शिरा सुजायच्या. जिभेवर रक्ताची चव येते म्हणायचा,
आणि खूश असायचा.
इम्तियाज मस्कतला एसी दुरुस्तीला गेला
त्या रात्री दत्तूनं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं पार्सल
त्याच्या बॅगेत कोंबलं. बोलला काहीच नाही.
आवाज बसला होता म्हणे.

रूथ कसबे तिसरी.
रविवारी चर्चमध्ये पेटी, शनिवारी आम्ही.
पहिल्याच तालमीला म्हणाली,
"तुम्ही सगळे बोलायलाव. ऐकायलंय कोण?"
मे महिन्यात दुपारी दोनला नवी पेठ
शटर ओढून पडलेली असते, तसं ती गाणं रिकामं करायची,
आणि त्यातून एखादा सूर,
सायकलवरून कुणी एकटंच गेल्यासारखा.
दत्तू चिडला, दोनदा बँड मोडला,
मग तिच्याशेजारी कुजबुजायला शिकला.
किंचाळीची कधी भीती वाटली नव्हती मला. त्या कुजबुजीची वाटली.

"तिघांत भारी कोण बे?" पोरं विचारतात.
मी चहा पितो.

कारण 'तिसरी पाळी'चं मला एकट्याला माहीत आहे.
पहिला शो, होटगी रोडचं मंगल कार्यालय,
व्होल्टेज पडलं, दिवे पिवळे झाले,
आणि सोलोच्या ऐन टोकाला
इरेशचं बोट एक पडदा खाली घसरलं.
चूक. साधी, घामाची चूक.
कुणीतरी ती मोबाइलवर पकडली,
आणि गावभर तेवढंच गाणं फिरलं.
इम्तियाजनं ते ऐकून ऐकून चूक पाठ केली,
तिच्याभोवती त्याचे अकरा सूर विणले.
रूथ त्या सुराआधी एक श्वास थांबायची,
प्रार्थनेआधी थांबतात तसा.
लोक डोळे मिटायचे.

परवाच्या गड्ड्यानंतरच्या शोला इरेश आला.
अक्कलकोटला सिमेंटची एजन्सी, पोट सुटलेलं,
बोटांना भेगा. रूथनं आपली गिटार
काढून त्याच्या गळ्यात घातली.
तोच सावकाशपणा. तीच फाटायला आलेली कड.
आणि टोकाला त्यानं बरोबर सूर लावला,
वीस वर्षं लावायचा राहिलेला.

पुढच्या रांगेतलं एक पोरगं हसलं:
"चुकला बे म्हातारा."

इरेशनं माझ्याकडे बघितलं.
माझं बोट सवयीनं
जुन्याच चुकीवर घट्ट बसलेलं.
दोन सुरांत एका पडद्याची फट,
आणि त्या फटीत दत्तू, तोंड उघडं,
कुठल्या बाजूनं ओरडावं
कळत नसलेला.