आवाजाची शेपूट

हर्णै बंदराच्या चढावर, बर्फाच्या गोडाऊनला खेटून
माझं दुकान. पाटीवर अजून ‘रेडिओ’ आहे,
‘रे’ची मात्रा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लीय.
परवा महरूफ परकार आला, मागोमाग धाकटा अस्लम,
तांदळाच्या दोन पिशव्यांत दोन व्हिडिओ गेम.
काळे. वरून एकाच आईचे.
एक कुवेतचा, लढाईच्या आदल्या वर्षीचा,
एक दोह्याचा, नंतरचा, अंगानं लहान, किमतीनंही.

भांडण तीस वर्षांचं:
पाण्याखालच्या टप्प्यात दरवाजा मिटतो, घंटा वाजते.
ती विरताना मागे खरखरीत शेपूट राहते का?
राहते, म्हणतो महरूफ,
टण्ण… आणि मग बराच वेळ, ताट घासल्यासारखी.
काय नाय रे, म्हणतो अस्लम. टण्. खलास.
निकाहात हा विषय निघालाय,
बागेच्या वाटणीत निघालाय, तलाठ्यासमोर,
मोठ्या खालाच्या चाळिसाव्यालासुद्धा.

स्क्रू काढले. आत वाळू, एक मेलेलं झुरळ,
कपॅसिटरांच्या बुडाशी हिरवा मोरचूद
(समुद्र कुणालाच सोडत नाही, हे मी गिऱ्हाइकाला फुकट सांगतो).
पहिल्याच्या पोटात आवाजाची चिप वेगळी बसलेली.
बारीक सूर आला की अडखळते,
अडखळताना त्याला जाडा करते,
म्हणून घंटा मरतानाही घसा खाकरते.
दुसऱ्यात सगळं एका चौकोनात कोंबलेलं,
कंपनीनं चार पैसे वाचवले,
अडखळणं गेलं, बारीक ते बारीकच राहिलं,
आणि पुढचा अॅम्प्लिफायर असा,
की उशीखालून ऐकावं.
चित्रांचंही तेच. एकात धबधब्यावर रंगांचे पट्टे सरकतात,
एकात निळ्या आभाळावर उभ्या फिकट रेघा,
वाळत टांगलेल्या जाळ्यागत.

माझी आई इंजिनं ओळखायची.
एका कारखान्याची, एका सालची, एकाच रंगाची दोन इंजिनं,
आणि ही चुलीपुढून न उठता:
‘ती पावशांची. आपली मागं हाय.’
मला वाटायचं अंदाज मारते.
किनाऱ्यावर जाऊन बघायचो. पावशांचीच असायची.
कसं कळतं विचारलं तर म्हणायची,
‘आपली जरा खोकते.’

कार्ट्रिजला फुंकर मारली, चौदा इंची टीव्ही तोच,
वायर तीच, खेळणारा मी.
दोनदा बुडालो, तिसऱ्यांदा दरवाजापर्यंत पोचलो.
कुवेतचा: टण्ण, आणि शेपूट.
दोह्याचा: टण्. खलास.
‘दोघंही खरे,’ मी म्हटलं,
जत्रेत हरवलेलं पोर आणून दिल्यासारखं म्हटलं.

दोघांचे चेहरे पडले.
तीस वर्षं ज्याला खोटारडा म्हटलं
तो खरा निघावा, याची तयारी कुणाचीच नव्हती.
बाहेर लिलाव सुरू झाला होता, सुरमईचा भाव चढत होता,
आत कुणी बोलेना.
मग अस्लमनं स्टूल ओढलं,
‘तो मोठा लाव परत,’ म्हणाला,
कान जवळजवळ स्पीकरला टेकवला,
पांढरी दाढी जाळीत अडकली.
घंटा झाली. शेपूट आली, गेली.
‘एवढंच?’
‘एवढंच,’ महरूफ म्हणाला.
‘मग तू सांगायचास ती लई लांब होती.’
‘होतीच लांब. तुझे कान गेलेत.’

बिल कुणी द्यायचं यावरून पुन्हा जुंपली,
अखेर दोघांनीही दिलं नाही.
मी वहीत लिहिलं:
परकार. नग दोन. बिघाड नाही.