सुट्टे

तळाशिलात वाळूची एक चिंचोळी पट्टी,
अलीकडे खाडी, पलीकडे दर्या,
मधे आमची शाळा, पत्र्याला मीठ चढलेली.
सातवीच्या पुस्तकात धडा होता : पैसा म्हणजे काय.
मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं,
उद्यापासून तिसऱ्याची शिंपली म्हणजे पैसा.
प्रत्येकाला वीस. शनिवारी बाजार.

शनिवारी व्हरांड्यात गोणपाटं पसरली.
मेघश्रीने आणलं आल्याचं खाजं, दोन शिंपल्यांना एक कांडी.
रिझवानने आमसुलं, घामेजलेल्या पिशवीत.
तन्वेषने ओल्या काजूगरांचा द्रोण, बोटं चिकाने काळी.
ॲन्सिलकडे विकायला काहीच नव्हतं
म्हणून त्याने खिडकीजवळची आपली जागा भाड्याने दिली,
तासाला तीन शिंपल्या, वाऱ्यासकट.
भाडं हा शब्द मी अजून शिकवला नव्हता.

सोमवारी निहार मेतर आला
तो पोतं ओढत.
रविवारभर ओहोटीला खाडीच्या तोंडाशी
एकटा वाकून वेचत होता, पाठ सोललेली.
मधल्या सुट्टीपर्यंत खाज्याची कांडी चाळीसला गेली.
मेघश्रीकडे शिंपल्या इतक्या झाल्या की दप्तर बंद होईना,
आणि त्या दप्तरभर शिंपल्यांत
तिचंच खाजं तिला परत घेता येईना.
ती रडली.
निहारही रडवेला,
"मी चोरी नाय केलंय, बाई. मी मेहनत केलंय."
'चलनवाढ' लिहायला उचललेला खडू
मी खाली ठेवला.

मग नवा कायदा :
माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका असेल तीच शिंपली खरी.
रिझर्व्ह बँक म्हणजे माझी पर्स.
बुधवारपर्यंत ठीक चाललं.
गुरुवारी ॲन्सिलच्या बहिणीची बाटली घरातून गायब झाली.

या सगळ्यात मागच्या बाकावर हर्षदा खवणेकर.
तिने काही विकलं नाही, काही भाड्याने दिलं नाही.
बाजार उठायच्या वेळी यायची,
उरलेलं, मऊ पडलेलं खाजं एका शिंपलीला मागायची
आणि मिळवायची.
विचारलं, हे कुठे शिकलीस?
"बर्फ इतळलो काय दर पण इतळता, बाई."
मग जरा थांबून, वहीत बघत,
"पण आमच्या बांगड्याचो दर कोण ठरवता?
बापूस रातभर दर्यात,
नि ठिपको मारता तो गाडीवालो."

वर्ग गप्प.
बाहेर रापण ओढणाऱ्यांचा एका सुरातला आवाज.
धड्याखालच्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.
मी म्हटलं, उद्या सांगते.
उद्या मी भूगोल घेतला.

रविवारी किनाऱ्यावर तिच्या आईपाशी बांगडे घेतले.
दीडशेचा वाटा. सवयीने तोंडातून गेलं,
दहा कमी कर गो.
पिशवीचं तोंड धरून हर्षदा उभी,
वर्गात बघते तशी माझ्याकडे बघत.
मी जीभ चावली, दोनशेची नोट पुढे केली.
आईने कनवटीचे चाळीस मोजून दिले,
ओले, खवल्यांसकट. दहा काही निघेनात.
तेव्हा हर्षदाने खिशात हात घातला.
"सुट्टे नायत, बाई. ही ठेवा.
उद्या शाळेत चलतली."

घरी दिव्याखाली धरून पाहिली.
लाल ठिपका आहे, कडेला थोडा ओघळलेला.
माझा की ॲन्सिलच्या बहिणीचा,
सांगता येत नाही.
पर्समध्ये ठेवली आहे,
नोटांच्या कप्प्यात.