खालचा खण

हुशारांना कसला आलाय आधार, लोक विचारतात,
ती पोरं आपली आपण तरतात.
बजेटच्या बैठकीत तर दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
मी डुलुथची. सुपीरियर सरोवराच्या काठी जन्म गेला.
इथे बुडतात ते बहुतेक चांगले पोहणारे.
बाकीचे उतरतच नाहीत,
इतकं ते पाणी गार.

ऑनर्स विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची माझी एक खोली.
हीटर भिंतीत ठोके देतो,
खिडकीतून लिफ्ट ब्रिज दिसतो, अर्धाच,
आणि टेबलावर छोट्या संत्र्यांचा वाडगा.
संत्रं सोलताना माणूस खरं बोलतो.
हात गुंतलेले असतात म्हणून असेल.

माइ-न्या थाओ फेब्रुवारीत आली,
बर्फाचे बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवून.
तिची आई सेंट पॉलच्या बाजारात भाजी विकते.
घरी फ्रीजवर पहिलीपासूनच्या गुणपत्रिका,
एकीवर एक, चुंबकाला पेलेनात इतक्या.
"ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी मायनस," ती म्हणाली,
कुणी गेल्याचं कळवावं
तशा आवाजात.

मग तिनं अर्ज पुढे सरकवला. ऑनर्समधून नाव काढून घेण्याचा.
सगळे रकाने भरलेले, ऐच्छिकसुद्धा.
कारण: मी इथे चुकून आले.

चुकून.
हा शब्द मी किती हस्ताक्षरांत वाचलाय.
बहुतेक वेळा अक्षर सुरेख असतं.

मी अर्ज खालच्या खणात टाकला.
"सही?"
"गुरुवारी बघू. येताना प्रबंधाचं एक पान आण. वाईट."
"वाईट म्हणजे?"
"वाईट म्हणजे वाईट."

गुरुवारी तिनं सरोवरातल्या हेरिंग माशांवर एक पान आणलं.
तळटीपा रांगेत उभ्या, शाळेच्या फोटोतल्या मुलांसारख्या.
"हे चांगलंय," मी म्हटलं, "परत ने."
तिच्या ओठांचा कोपरा थरथरला.
पुढच्या खेपेला तीन स्पेलिंगं मुद्दाम चुकवलेली,
तीनही सारख्या अंतरावर.
मला हसू फुटलं. तिला नाही.

तिच्याआधी एल्डन निएमी होता.
खाणीच्या गावचा, गणितात वाघ.
प्रबंध कसा चाललाय, मी विचारायची.
ठीक, तो म्हणायचा.
तीनदा विचारलं, तीनदा ठीक,
आणि मी फाइलमध्ये तीनदा लिहिलं: ठीक.
एप्रिलमध्ये त्याची खोली रिकामी सापडली,
गादीवर चादर घडी घालून.
गावी आहे, एवढंच कळलं. पत्रांना उत्तर नाही.
संत्री त्यानंतरची.

पाचव्या गुरुवारी माइ-न्याच्या खिशातून
चुरगळलेला पुठ्ठा निघाला.
पुढे मार्करनं: मोहरीची पानं, जुडी दोन डॉलर.
मागे बॉलपेननं, आईच्या व्हॅनमध्ये बसून लिहिलेलं,
ओळी डगरीवरून घसरल्यासारख्या:
हेरिंग का कमी झाले मला माहीत नाही.
पुस्तकांत आहे ते मला पटत नाही
आणि का पटत नाही तेही सांगता येत नाही.
आई विचारते, मासे मोजतेस की त्यांना शोधतेस?

मी दोनदा वाचलं.
"इथून सुरू कर."
"हे वाईट आहे ना?"
"फार."
तिनं संत्रं उचललं, सालीचा एकही तुकडा
अखंड निघाला नाही, टेबलभर पसारा,
आणि तिनं तो आवरला नाही.

तिचा अर्ज अजून खणात आहे.
तिनं मागितला नाही, मी फाडला नाही.
खाली आणखी अकरा. त्यातल्या चारांवर माझी सही आहे,
दोन बरोबर होत्या असं आजही वाटतं.
एल्डननं अर्ज भरलाच नव्हता.

उद्या परत बजेटची बैठक.
मागणीपत्रात लिहिलंय: संत्री, आठवड्याला दोन पिशव्या.
पुढे कारणाचा रकाना आहे.
रात्रीचे अकरा वाजलेत,
बंदरात एक जहाज भोंगा देतंय, पूल वर जातोय,
आणि मला काही सुचत नाहीये.