पायरीवर काढून ठेवलेलं

चपला काढल्या मी, सवयीनं,
जांभ्याच्या पायरीवर, एक उलटी एक सुलटी.
पिएदादबाय आतून म्हणाली,
"चपला असू दे पायांत.
आवाज काढून ठेव तिथं."

चोडणच्या टेकडीवरचं कोपेल.
सहा बाक वाळवीनं खाल्लेले,
सातव्याचा पाय फळकुटाच्या आधारानं उभा,
वर गायनाच्या माळ्याचा कठडा, हात लावला की हलणारा.
मी मयेचा च्यारी, रंधा-पटाशी स्कूटरला बांधून आलेला.
आठ दिवसांचं काम.
चपला मी रोज काढतच राहिलो.

पहिल्याच दिवशी खिळ्यांचा डबा
ठेवला वेदीवर. उंचीला बरोबर पडत होती.
ती बोलली नाही काही.
डबा माझ्या हातात दिला,
आणि ओल्या फडक्यानं, मग कोरड्या,
मग स्वतःच्या झग्याच्या टोकानं
डब्याएवढीच जागा पुसत राहिली
तापातल्या पोराचं कपाळ पुसावं तशी.

दुपारी रंध्याच्या नादात शिट्टी सुटली तोंडातून.
"तोही सुतारच होता," ती म्हणाली,
"पण बापाच्या घरात शिट्टी घातल्याचं
कुठं लिहिलेलं नाही."
मी हसलो. ती नाही हसली.
बऱ्याच वेळानं, फुलदाणीतलं पाणी बदलताना, एकटीच हसली.

कोपऱ्यात तांबडा दिवा असायचा.
दिवा आहे म्हणजे तो घरी आहे, असं ती सांगायची,
शेजारणीनं शेजारच्या घराविषयी सांगावं इतकं सहज.
आमच्याकडे नंदादीप.
मला जास्त विचारावं लागलं नाही.

गुरुवारी ती माणसं आली.
भाड्याचा पांढरा झगा, शेपटा दोघींनी उचललेला,
एक घोंघावणारं यंत्र, शिंपल्यांच्या खिडकीवर
माशीसारखं धडकत राहिलेलं.
पोरगी वेदीच्या पायऱ्या चढली.
नवऱ्यानं, होणाऱ्या, कमरेत धरून उचललं तिला.
"अजून वर! दिवा फ्रेममध्ये घ्या!"
कुणीतरी मुठीनं चमकी उधळली.

मला राहवेना. माळ्यावरूनच
ओरडलो, "बाजार आहे काय हा?"
काय हा, काय हा, म्हणालं छत.
एक वटवाघूळ सुटून गरगरलं.

पिएदादबायनं त्यांच्याकडे नाही,
माझ्याकडे बघितलं.

मग गेली पहिल्या बाकापाशी,
माझ्याच, अजून पॉलिश न सुकलेल्या,
आणि गुडघे टेकले.
सुकी काटकी मोडावी तसे वाजले ते, दोनदा.
बाकी काहीच केलं नाही तिनं.
पाठमोरी म्हातारी, लिंबाएवढा अंबाडा,
टाचेला भेग, भेगेत मेण.

आधी पोरगी उतरली पायऱ्या
झग्याचा घोळ पोटाशी धरून, चोरपावलांनी,
झोपलेल्या कुणाच्या खोलीतून निघावं तशी.
यंत्र खाली आलं.
फोटोवाल्यानं टोपी काढली डोक्यावरची,
का ते त्यालाही कळलं नसावं.
माफी कुणी मागितली नाही.

चमकी राहिली. तीन दिवस झाडत होती ती.
लाकडाच्या नसांत बसलेली मी
पटाशीच्या टोकानं काढली, कण कण.
एक सुटलाच हातून. सातव्या बाकावर, डावीकडे,
उन्हं उतरली की दिसतो.
तिला सांगितलं नाही मी. तिला माहीत असणार.

आठव्या दिवशी भुसा पोत्यात भरला,
हत्यारं बांधली.
तिनं दोन्ही हातांनी पैसे दिले,
वर परसातली चार पिकली चिकू.

घरी पोचलो तर सुरंग दारात.
"झालं काम?"
मान हलवली.
"पैसे दिले सगळे?"
मान हलवली.
"मग बोलत का नाहीस? झालं काय?"

तेव्हा लक्षात आलं,
निघताना चपला तेवढ्या घातल्या मी.
दुसरं तिथंच राहिलं, पायरीवर.