दोन शतांश

जूनची थंडी. धक्क्याला ऑयस्टरच्या बोटी बांधलेल्या,
आणि मी सोळा मिलीमीटरचा बॉल स्क्रू
जुन्या टॉवेलात गुंडाळून, बगलेत मारून
मर्डो टलकच्या दारात उभा.
तीन हिवाळ्यांनी.

ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं?
म्हटलं, माझ्या लेथच्या पोटातून हा आरपार जात नाही.
तुझ्या जाईल.
टोकं बारा मिलीमीटरला आणायचीत, बेअरिंगसाठी,
पुढे बारीक आटे, त्याच्या पुढे दहाचा दांडा.
भाचीच्या होडीच्या फासळ्या कापणारं यंत्र बांधतोय शेडमध्ये.
तो म्हणाला, "नट काढलास?"
याचा अर्थ, आत ये.

नट काढला होता. सकाळी, घाईत, नळी न लावता.
छर्रे सुटले ते थेट फरशीवर,
गारांसारखे, कपाटाखाली, कुत्र्याच्या ताटलीत.
गुडघ्यांवर रांगत गोळा केले. एक कमी.
हे मी त्याला सांगितलं नाही.
त्याला न सांगितलेल्या गोष्टींत ही दुसरी.

चार जबड्यांच्या चकात धरला त्याने.
एक जबडा सैल, समोरचा घट्ट,
डायलची सुई डुलत डुलत
शेवटी मान खाली घालून बसली.
मागे बाहेर आलेलं लांब शेपूट
लाकडी ठोकळ्याच्या भोकातून ओवलं.
"नाहीतर चाबूक होतो त्याचा," म्हणाला,
"बोटं नेतो."

पहिलं टूल नुसतं घसरलं.
किंचाळलं, काळं पडलं.
मर्डोने कार्बाइड लावलं, खोल घास घेतला.
"वरून काच, आत लोणी.
तुझा बाप असाच होता.
कातडीखाली शिरायचं एकदाच,
कुरवाळत बसायचं नाही."
बावीस वर्षं एका बोटीवर होते ते दोघं.
मी काही बोललो नाही.

टक टक टक टक
खाच, माथा, खाच, माथा,
सगळी शेड दात वाजवत होती.
मग खाचा उथळ होत गेल्या
आणि टकटक विरत विरत
नुसती एक लांब सळसळ उरली.
निळा कीस वळसे घेत खाली पडला,
फरशीवरचं तेल धुरावलं.

मग त्याने ती पेटी काढली.

तोच मायक्रोमीटर. तीन हिवाळ्यांपूर्वी
मी मागून नेलेला, आणि इंजिनरूममध्ये
माझ्या हातून लोखंडी पाटावर पडलेला.
पुसून, तेल लावून परत केला होता.
वर आणखी म्हटलं होतं, तुझ्या वस्तू तूच सांभाळ,
प्रत्येक वेळी असा चेहरा करणार असशील तर.
भांडण तिथून. चूक माझी, तोराही माझाच.

त्याने मापलं. माझ्या जागेवरून मला दिसलं:
बारा पॉइंट शून्य दोन.
त्याचा हात हँडलकडे गेला.
अजून एक घास, आणि बेअरिंग खुळखुळणार,
जन्मभर.

"थांब!" मी ओरडलो. "ते खोटं सांगतंय!
पडलं होतं ते. माझ्या हातून.
दोन शतांश जास्त दाखवतं."

त्याचा हात हँडलवर नव्हताच.
मागच्या फडक्यावर होता.
दांडा पुसला, बेअरिंग टेकवलं,
अंगठ्याने दाबलं.
ते हळूच, जड, कुरकुर न करता
आत जाऊन बसलं.

मग पेटीचं झाकण माझ्याकडे वळवलं.
आत पेन्सिलीने, त्याच्या वाकड्या अक्षरात:
*दोन शतांश जास्त. रुएरा.*
शून्य जुळवायला एक छोटी किल्ली लागते
आणि अर्धं मिनिट.
किल्ली तिथेच, पेटीत, तिच्या खोबणीत होती.

बाहेर एक बोट भोंगा वाजवून निघाली.
आता सुरूच झालं होतं, म्हणून म्हटलं,
"नटातला एक छर्राही हरवलाय."

मर्डोने ड्रॉवर ओढला. बरण्याच बरण्या.
"केवढा?"
"तीन पॉइंट एक सात."
त्याने चष्म्यावरून बघितलं.
"कशाने मोजलास?"